गोळीचे कवच : जिभेपासून घशापर्यंतचा प्रवास

१/१९
औषधाच्या गोळीवरचा गुळगुळीत, रंगीत थर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याची जाडी माणसाच्या केसाच्या आसपास असते. इतका पातळ थर बसवण्याची विद्या हाती येईपर्यंत मात्र सुमारे हजार वर्षे गेली. हा थ्रेड त्या थराच्या इतिहासाचा. 🧵

२/१९
गोळी हा औषधाचा फार जुना प्रकार. इ. स. पू. १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये गोळ्यांचे उल्लेख सापडतात. आयुर्वेदात वटी आणि गुटिका आहेत. गोळीमुळे मात्रा निश्चित करता येते आणि औषध प्रवासात नेता येते. तिचे वैगुण्यही तितकेच जुने : ती जिभेला कडू लागते आणि घशात अडखळते.

३/१९
कडूपणावरचा एक जुना उपाय इराणमधला. रे नगरीतील वैद्य अबू बक्र अल-राझी (सुमारे ८६५-९२५) याने इसबगोलासारख्या बियांच्या बुळबुळीत लेपात गोळ्या घोळवल्या, असे औषधनिर्मितीच्या इतिहासात सांगितले जाते. गोळ्यांना सोन्या-चांदीचा वर्ख लावण्याचे श्रेय परंपरेने इब्न सिना (९८०-१०३७) याला दिले जाते.

४/१९
वर्ख लावलेली गोळी देखणी दिसते आणि जिभेला कडू लागत नाही. परंतु सोने पाण्यात विरघळत नाही, पोटातही नाही. वर्ख फाटला तरच आतले औषध बाहेर पडणार. येथेच या इतिहासाचा मूळ प्रश्न उभा राहतो : तोंडात पक्के राहील आणि पोटात हमखास उघडेल, असे कवच कोणते?

५/१९
एकोणिसाव्या शतकात गोळीचे रूप पालटले. विल्यम ब्रॉकेडन हा इंग्रज चित्रकार. चित्रकलेच्या पेन्सिलीसाठी शुद्ध ग्राफाइट मिळेना, म्हणून ग्राफाइटची भुकटी साच्यात दाबून तिची घट्ट वडी करण्याची युक्ती त्याने काढली. १८४३ साली त्याने घेतलेल्या पेटंटमध्ये ग्राफाइटबरोबर औषधी गोळ्याही होत्या. आजच्या टॅब्लेटचा उगम तो हाच.

६/१९
कवचाची युक्ती मात्र मिठाईवाल्यांकडून आली. युरोपात बदामावर साखरेचा थर चढवण्याची कला जुनी होती. औषधविक्रेत्यांनी ती उसनी घेतली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम वॉर्नर याने १८५६ पासून साखरेच्या कवचातील गोळ्यांचा व्यवसाय उभा केला.

७/१९
ही प्रक्रिया मराठी वाचकाला अनोळखी नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा याच तत्त्वावर होतो. मंद आचेवरील परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, पाक थोडा थोडा सोडायचा, हाताने फिरवत राहायचे. एक थर वाळला की दुसरा. औषधांच्या कारखान्यात परातीच्या जागी फिरते तांब्याचे पात्र आले. फरक एवढाच, की हलव्याला काटा हवा असतो आणि गोळीला तो चालत नाही.

८/१९
कवचाचे टप्पे असे. पाकातील पाणी आत शिरू नये म्हणून आधी लाखेचा थर. मग कडा गोलसर करण्यासाठी गोंद अथवा जिलेटिन आणि टाल्कची पूड. त्यावर साखरेचे अनेक हात, मग रंग आणि शेवटी मेणाची झिलई. कुशल कारागिराला एका घाणीसाठी कित्येक दिवस लागत. पाक किती सोडायचा, हे त्याच्या हातालाच कळे.

९/१९
यातील लाख भारताच्या जंगलांतून जगभर जात असे. महाभारतातील लाक्षागृहाची आणि बांगड्यांची ती हीच लाख. पाण्याला अडवणारा तिचा गुण येथे कामी आला. पण जुनी होत गेली की लाख विरघळायला अधिकाधिक कठीण होते. परिणामी, दीर्घकाळ साठवलेली गोळी पोटात वेळेवर उघडेल याची खात्री राहत नसे.

१०/१९
साखरेचे आणखी एक मोल द्यावे लागे. कवचामुळे गोळीचे वजन साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढे, कधी दुप्पट होई. म्हणजे कडूपणा झाकण्यासाठी गोळी मोठी करायची आणि ती मोठी झाली म्हणून गिळताना त्रास सोसायचा! जिभेची सोय घशाच्या मुळावर येत होती.

११/१९
गोळी न उघडण्याची तक्रार किती गंभीर होती, हे अमेरिकेतील मिशिगनच्या डॉ. विल्यम अपजॉन याच्या यशावरून दिसते. त्याने अंगठ्याखाली सहज चुरडली जाणारी गोळी तयार केली आणि १८८५ मध्ये तिचे पेटंट मिळवले. गोळी चुरडणारा अंगठा हीच पुढे त्याच्या कंपनीची खूण ठरली. आपली गोळी फुटते, ही तेव्हा अभिमानाने सांगण्याची बाब होती.

१२/१९
त्याच सुमारास हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उन्ना याने नेमका उलटा विचार केला. गोळी जठरात उघडूच नये, आतड्यात उघडावी, यासाठी १८८४ मध्ये त्याने गोळ्यांना केराटिनचे कवच दिले. कवच आता केवळ चव झाकणारे उरले नाही. औषध कोठे सुटावे, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे आले.

१३/१९
खरे वळण १९५० च्या दशकात आले. अमेरिकेतील ॲबट कंपनीने १९५३-५४ च्या सुमारास पातळ पापुद्र्याच्या गोळ्या बाजारात आणल्या. हेच ‘फिल्म कोटिंग’. साखरेऐवजी येथे पॉलिमर होते. पुढे या कामी सेल्युलोजपासून, म्हणजे लाकूड आणि कापसातील तंतूंपासून, बनवलेली पॉलिमर सर्वाधिक रुळली. १९५३ मध्येच विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेल वुर्स्टर याला गोळ्या हवेच्या झोतावर तरंगत ठेवून त्यांवर फवारा मारण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले.

१४/१९
बदल केवढा होता? वजनातील वाढ साखरेच्या ३०-५० टक्क्यांवरून साधारण २ ते ३ टक्क्यांवर आली. दिवसांचे काम तासांत होऊ लागले. गोळीवर कोरलेली अक्षरे कवचाखालूनही वाचता येऊ लागली, त्यामुळे गोळी ओळखणे सोपे झाले. आणि गोळी तिच्या मूळ आकाराचीच राहिली.

१५/१९
मात्र सुरुवातीला पॉलिमर विरघळवण्यासाठी अल्कोहोल, ॲसिटोन, मिथिलीन क्लोराइड असे द्रव वापरले जात. काही पटकन पेट घेत, काहींची वाफ कामगारांना अपायकारक होती. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला आणि ही वाफ धुराड्यातून सोडून देणे अवघड झाले. पर्याय एकच उरला : पाणी.

१६/१९
पाण्याची अडचण वेगळी. ते वाळवायला तेवढ्याच वजनाच्या अल्कोहोलच्या अडीचपटीहून अधिक उष्णता लागते. जुन्या पात्रात गरम हवा गोळ्यांच्या ढिगावरून नुसती फिरत असे. मग भोके असलेली फिरती पात्रे आली. त्यांत हवा ढिगाच्या आरपार ओढली जाते आणि फवाऱ्याचा थेंब गोळीवर पडून पसरताच वाळू लागतो.

१७/१९
आता सारा खेळ तोल सांभाळण्याचा झाला. फवारा जास्त झाला तर गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि थर सोलून निघतो. हवा फार गरम असेल तर थेंब वाटेतच वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पात्र जोरात फिरले तर कडा झिजतात, हळू फिरले तर रंग असमान बसतो. एक घटक बदलला की बाकीच्यांचे गणित बदलते.

१८/१९
म्हणून अनेक घटक एकाच वेळी पद्धतशीर बदलून प्रयोग आखले जातात. या पद्धतीचा पाया १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर याने इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांत घातला. खत आणि पिकांच्या वाणांसाठी रचलेले गणित आज फवाऱ्याचा वेग, हवेचे तापमान आणि पात्राची गती ठरवते. हलवा करणाऱ्या हाताला जे कळत होते, ते आता आकड्यांत मांडले जाते.

१९/१९
आणि घसा? त्याच्याकडे लक्ष फार उशिरा गेले. अन्ननलिकेत अडकलेल्या गोळ्यांमुळे जखमा झाल्याचे वृत्तान्त १९७० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले. १९८२ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी निरोगी माणसांना गोळ्या व कॅप्सूल देऊन त्यांचा प्रवास क्ष-किरणांनी पाहिला. त्यांची शिफारस साधी होती : किमान १०० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि किमान ९० सेकंद उभे राहावे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जेनेरिक गोळ्यांसाठी २२ मिलिमीटरची कमाल लांबी सुचवली आणि गिळण्याच्या सोयीसाठी कवचाचाही विचार करण्यास सांगितले. चवीचा प्रश्न राझीच्या काळी विचारला गेला होता. गिळणाऱ्याच्या घशाचा प्रश्न अधिकृत दस्तऐवजात यायला एकविसावे शतक उजाडले. आजही घरातल्या वृद्धांना गोळी गिळवत नाही म्हणून ती कुटून दिली जाते. तसे करण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला जरूर विचारावे, कारण ते कवच उन्नाच्या जातीचे असू शकते. कुटले, की औषध नको तेथे सुटते.