रौजा : एका गावाची ओळख

औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) वेरूळकडे निघालेली एस.टी. दौलताबादच्या किल्ल्याला मागे टाकून घाट चढू लागली की हवा बदलते. वाटेत कागजीपुरा लागतो. हाताने कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांची ही जुनी वस्ती. घाट संपला की पठारावर खुलताबाद, आणि पलीकडचा उतार उतरला की चार-पाच किलोमीटरवर वेरूळ. भोवती डोंगर, डोंगरात सीताफळाची झाडे, पावसावरची शेती. शहरापासून अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण धड शहर नाही आणि धड खेडेही नाही असे हे तालुक्याचे गाव.

नावे तीन. सरकारी कागदावर आणि एस.टी.च्या पाटीवर 'खुलताबाद', उर्दूत 'खुल्दाबाद' आणि जुन्या माणसांच्या तोंडी 'रौजा'. रौजा म्हणजे बाग; पुढे बुजुर्गांच्या मजारीलाही हाच शब्द रूढ झाला. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्दमकान', म्हणजे स्वर्गात घर असलेला, असे म्हटले जाऊ लागले आणि त्यावरून गाव खुल्दाबाद झाले. म्हणजे गाव आधीचे, बादशाह नंतरचा. एवढी साधी गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते.

मार्च २०२५मध्ये कबर हटवण्याची मागणी जोरात झाली, १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि इकडे कबरीभोवती पत्रे लागले, पोलिसांचा पहारा बसला. त्याच सुमारास आमच्या वर्गातल्या एका मुलाला परगावच्या मुलांनी विचारले, "तू कुठला?" मुलगा मूळचा खुल्दाबादचा. तो म्हणाला, "वेरूळजवळचा." आम्ही ऐकले आणि गप्प राहिलो. त्या दिवशी आम्हाला त्या मुलाचा राग आला नाही, स्वतःचा आला. इतकी वर्षे इतिहास शिकवून आम्ही त्याला त्याच्याच गावाचे काय सांगितले होते?

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १३२७मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलिम, कवी आणि सूफी मोठ्या संख्येने दख्खनमध्ये आले. त्याच्याही आधी हजरत मुन्तजबुद्दीन जर जरी जर बख्श (र.अ.) इथे येऊन राहिले होते. त्यांचा उरूस आजही रबीउल अव्वल महिन्यात भरतो. त्यांचे भाऊ हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (र.अ.) हे दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद. त्यांना समाचा, म्हणजे सूफी गायनश्रवणाचा, विलक्षण शौक होता. त्यांच्या अनुयायांच्या भावावेशातल्या नाचण्याला 'बुऱ्हानी' असे वेगळे नावच पडले होते. १३३७मध्ये ते इथे दफन झाले. पुढे फारुकी सुलतानाने तापीकाठी शहर वसवले, त्याला त्यांच्या नावावरून बुऱ्हानपूर म्हटले. नदीच्या समोरच्या तीरावरचे जैनाबाद हे त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी (र.अ.) यांच्या नावाचे. डोंगरावरच्या एका लहानशा गावातली दोन नावे खानदेशात जाऊन शहरे झाली, ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात.

हेच जैनुद्दीन दौलताबादचे काजी होते. बहमनी सुलतान मुहम्मदशाह दारू पितो म्हणून त्यांनी त्याच्यापुढे मान तुकवायला नकार दिला, सुलतान रागावला, तेव्हा ते आपल्या पिराच्या मजारीपाशी जाऊन बसले. अखेर सुलतानालाच नमते घ्यावे लागले, अशी हकिकत फरिश्त्याच्या तवारीखेत आहे. १३६९मध्ये त्यांचे निधन झाले. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारला, पण त्याला आणून पुरले ते या काजीच्या दर्ग्याच्या आवारात. कबर उघडी आणि मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतर, हैदराबादच्या निजामाच्या काळात बसली. ज्याने दरबारातून गाणे घालवले तो बादशाह समाच्या शौकिनांच्या शेजारी झोपला आहे, याची गंमत आम्हाला नेहमी वाटते.

शेजारी आणखी कोण आहेत? अमीर खुसरोचा मित्र, फारसी कवी हसन सिज्जी. निजामुद्दीन औलियांची वचने 'फवाइदुल फुआद' या ग्रंथात त्यानेच टिपून ठेवली. चार शतकांनंतर आलेले गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४-१७८६), अरबी आणि फारसीचे मोठे पंडित. त्यांनी इथल्या संतांवर 'रौजतुल औलिया' लिहिले आणि शेवटी इथेच विसावले. गुलबर्ग्याच्या हजरत गेसूदराजांचे वडील शाह राजू कत्ताल इथे आहेत. त्यांच्या जवळच गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह. १६८७मध्ये औरंगजेबाने त्याचे राज्य घेतले, दौलताबादच्या किल्ल्यात त्याला मरेपर्यंत कैदेत ठेवले. जिंकणारा आणि हरलेला एकाच गावात आले. पहिला निजाम आसफजाह १७४८मध्ये बुऱ्हानपुरात वारला, त्यालाही बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात जागा मिळाली.

आमचा जीव मात्र गावाबाहेरच्या माळावर उभ्या असलेल्या एका घुमटात अडकतो. तो मलिक अंबरचा. हबश देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१०मध्ये खडकी वसवली (हेच पुढचे औरंगाबाद), शहराला नहरींनी पाणी दिले, जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली आणि १६२६मध्ये मरेपर्यंत मुघलांना दख्खनमध्ये पाय रोवू दिला नाही. १६२४च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे कामी आले. या दोघा भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्यावरून मालोजीराजांनी ठेवली, असे सांगतात. मालोजीराजांचे वेरूळ तर खुल्दाबादच्या पायथ्याशी. आमच्या मुलांना कबरीवरून जे बोलून दाखवले जाते, त्याचे उत्तर या माळावर आहे; पण तिथे सहली क्वचितच येतात.

गावाला दगडी तट आहे, त्याला वेशी आहेत: नगारखाना, पांगरा, मंगळपेठ, कुणबी अळी, लंगडा. नावे नुसती वाचली तरी आत कोण कोण राहत असेल हे कळते. याच गावात निजलेल्या मारुतीचे, भद्रा मारुतीचे, मंदिर आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे घाट चढून पायी येतात, श्रावणी शनिवारीही रीघ असते. उरुसाची गर्दी आणि मारुतीची गर्दी याच रस्त्यांनी येते. गावाची दुकानदारी या दोन्हींवर चालते, आणि मागच्या त्या मार्चमध्ये तीही मंदावली होती, हे वर्तमानपत्रांत फारसे आले नाही.

१९४८पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. कचेरीची भाषा उर्दू होती. मग मराठी आली, ते रास्तच झाले. पण जुने कागद वाचणारे एकेक करून गेले. फारसी शिलालेखांची अक्षरे आमच्या मुलांना ओळखता येतात, अर्थ लागत नाही. आम्हालाही सगळा लागत नाही, बी.एड.ला ते कोणी शिकवले नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही आठवीच्या वर्गाला घेऊन गेलो. पत्रे लावलेल्या जागेपाशी फार थांबलो नाही. परियोंका तालाब पाहिला, हसन सिज्जीकडे गेलो आणि मग माळावर. वाट त्या मुलानेच दाखवली. घुमटाखाली पोरे आपलाच आवाज घुमवून पाहत राहिली, डबे तिथेच उघडले. परतीच्या एस.टी.त कंडक्टरने विचारले, "कुठून बसला रे?" तो म्हणाला, "रौजा." कंडक्टर नवा असावा, त्याला कळेना. तेव्हा मुलाने तीनही नावे एकापाठोपाठ सांगितली.