केबिनरहित डिझेल इंजिनाची प्रतिकृती

केबिनरहित डिझेल इंजिनाची प्रतिकृती म्हणजे ज्या रेल्वे इंजिनाला स्वतःचा चालककक्ष (केबिन) नसतो, अशा इंजिनाचे ठरावीक प्रमाणात लहान करून बनविलेले मॉडेल. मालवाहतुकीची काही इंजिने मुळातच केबिनशिवाय बांधली गेली, तर काहींची केबिन पुढे पुनर्बांधणीच्या वेळी काढण्यात आली. दुसऱ्या प्रकारातील इंजिने संख्येने थोडी होती आणि त्यांपैकी अनेक भंगारात गेली. त्यामुळे त्यांच्या प्रतिकृतींना छंदापलीकडे नोंद म्हणूनही मूल्य प्राप्त झाले आहे.

== पार्श्वभूमी ==

वाफेच्या प्रत्येक इंजिनावर चालक व आगवाला यांची स्वतंत्र जोडी लागत असे. डिझेल-विद्युत इंजिनात ही गरज उरली नाही. एकमेकांना जोडलेली अनेक इंजिने विद्युत केबलच्या साहाय्याने एकाच केबिनमधून चालविता येऊ लागली. मग मधल्या इंजिनांना केबिन कशाला, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. अमेरिकेत १९३९ साली तयार झालेल्या ‘एफ.टी.’ या मालगाडीच्या प्रात्यक्षिक इंजिनसंचात चार घटक होते. त्यांपैकी दोन टोकांच्या घटकांना केबिन होती, मधल्या दोघांना नव्हती. संचाची एकूण शक्ती ५,४०० अश्वशक्ती होती. अमेरिकी परिभाषेत केबिन असलेल्या घटकास ‘ए युनिट’ व नसलेल्यास ‘बी युनिट’ म्हणतात.

केबिन नसल्याने काचा, आसने व चालकाची उपकरणे यांचा खर्च वाचतो. मात्र असे इंजिन एकटे गाडी ओढू शकत नाही. शेडमध्ये पुढेमागे हलविण्यापुरती साधी नियंत्रणे बहुधा त्यात ठेवलेली असतात. संचातील केबिनचे इंजिन बिघडले, की केबिनरहित इंजिन धडधाकट असूनही अडकून पडते. या मर्यादेमुळे हा प्रकार जगभर रूढ झाला नाही.

== पुनर्बांधणीची उदाहरणे ==

अमेरिकेतील सांता फे रेल्वेने ‘एस.डी. ४५-२’ या मालवाहू वर्गातील काही इंजिनांची केबिन काढून त्यांचे बी युनिटमध्ये रूपांतर केले.

ब्रिटनमधील उदाहरण अधिक वेगळे आहे. शेफील्डजवळील टिन्स्ली येथे १९६५ मध्ये मालगाड्यांच्या वर्गीकरणाचे मोठे यार्ड सुरू झाले. तेथे वाघिणी एका उंचवट्यावर ढकलल्या जात आणि पलीकडच्या उतारावरून गुरुत्वाकर्षणाने त्या आपापल्या रुळावर घरंगळत जात. अशा यार्डास ‘हंप यार्ड’ म्हणतात. जड गाडी उंचवट्यावर संथ गतीने चढविण्यास ३५० अश्वशक्तीचे एक शंटिंग इंजिन अपुरे पडे. म्हणून त्याच वर्षी डार्लिंग्टन येथील कारखान्यात, पुढे ‘०८ वर्ग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या इंजिनांच्या तीन जोड्या कायमच्या जोडण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एका इंजिनाची केबिन काढून टाकली गेली आणि रुळावरील पकड वाढावी म्हणून वजनही वाढविण्यात आले. ७०० अश्वशक्तीची व सुमारे १२० टन वजनाची ही जोडी पुढे ‘१३ वर्ग’ या नावाने ओळखली गेली. १९८५ पर्यंत तिन्ही जोड्या सेवेतून निघाल्या आणि त्यांपैकी एकही जतन झाली नाही. आज हा वर्ग केवळ छायाचित्रांत व प्रतिकृतींत पाहावयास मिळतो.

== प्रमाण ==

रेल्वे प्रतिकृतींचे जगभर सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एच.ओ.’ म्हणजे १:८७ हे आहे. ब्रिटनमध्ये १:७६.२ हे ‘ओ.ओ.’ प्रमाण रूढ आहे. दोन्हींसाठी १६.५ मिलिमीटर अंतराचा रूळ वापरतात. १६.५ ला ८७ ने गुणल्यास सुमारे १,४३५ मिलिमीटर हे प्रमाण गेज मिळते, म्हणजेच एच.ओ. प्रमाणात रूळ बरोबर बसतो. ओ.ओ. प्रमाणात हाच रूळ मूळच्या मानाने अरुंद पडतो.

लांबी ज्या पटीत घटते, तिच्या घनाच्या पटीत वजन घटते. १:७६.२ या प्रमाणात १२० टनांच्या जोडीचे वजन जेमतेम २७० ग्रॅम भरेल. इतके हलके इंजिन रुळावर घसरते. म्हणून प्रतिकृतीत शिशासारख्या जड धातूचे तुकडे बसवितात. टिन्स्ली येथे खऱ्या इंजिनाबाबत केलेला उपाय मॉडेलमध्ये अशा रीतीने पुन्हा करावा लागतो.

== निर्मिती ==

०८ वर्गाची तयार मॉडेले बाजारात मिळतात. त्यांपैकी एकाच्या प्लास्टिकच्या कवचातून केबिनचा भाग बारीक करवतीने कापतात, ती जागा प्लास्टिकच्या पत्र्याने बंद करतात व सांधे भरून घासून रंग देतात. अनेकदा एकाच इंजिनात मोटर ठेवतात आणि दुसरे केवळ ओढले जाते. मात्र दुसऱ्याच्या चाकांतूनही वीज घेतल्यास सांध्यांवर गाडी अडखळत नाही. संगणकीय नियंत्रणात दोन्ही इंजिनांस एकच क्रमांक दिल्यास ती एकत्र चालतात, अगदी खऱ्या जोडीप्रमाणे.

कारखान्यात एकाच आराखड्यावरून बनलेल्या इंजिनांपैकी एकाची प्रतिकृती सर्वांची प्रतिनिधी ठरू शकते. पुनर्बांधणी केलेल्या इंजिनांचे तसे नसते. जाळ्या, कठडे, पायऱ्या यांचे तपशील इंजिनागणिक बदलू शकतात. म्हणून मॉडेल कोणत्या क्रमांकाच्या इंजिनाचे व कोणत्या वर्षीच्या स्थितीचे आहे, हे आधी निश्चित करावे लागते. ही निवड लिहून ठेवली नसेल, तर सुबक प्रतिकृतीही पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते.

== भारतीय संदर्भ ==

भारतात अनेक डिझेल इंजिने जोडून चालविण्याची पद्धत रूढ असली, तरी त्या प्रत्येकाला सामान्यतः केबिन असते. पुनर्बांधणीची परंपरा मात्र येथेही आहे. २,६०० अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यू.डी.एम.-२’ इंजिनांचे पतियाळा येथे ३,१०० अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यू.डी.एम.-३ए’मध्ये रूपांतर झाले. वाराणसी येथे मालवाहू डिझेल इंजिनांपासून १०,००० अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन तयार झाले व १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी त्यास हिरवा झेंडा दाखविला.

भारतीय इंजिनाच्या प्रतिकृतीत गेजची अडचण येते. येथील १,६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग १:८७ प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर होतो. तयार रूळ १६.५ मिलिमीटरचाच असल्याने बहुतेक मॉडेले अरुंद रुळावर चालतात किंवा निर्मात्यास रूळ व चाके स्वतः बनवावी लागतात.

महाराष्ट्रात या छंदाचे सार्वजनिक दर्शन पुण्यातील कोथरूड येथील जोशी लघुरेल्वे संग्रहालयात घडते. भाऊ जोशी यांच्या वैयक्तिक संग्रहातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. सिग्नल, पूल व स्थानके असलेल्या मांडणीवर तेथे गाड्या प्रत्यक्ष चालताना पाहता येतात.