ढगाला धुळीचा आधार

पाऊस कसा पडतो, हे शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती वर जाते, थंड होते आणि पुन्हा पाणी होऊन खाली येते. हिशेब इतका सरळ, की त्यात काही राहून गेले असेल अशी शंकाही येत नाही. ती शंका ज्यांना आली, त्यांची हकीकत मला मोठी गमतीची वाटते.

पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास येथे कुलिए नावाचा एक लष्करी औषधशास्त्रज्ञ होता. १८७५ साली त्याने काचेच्या चंबूत थोडे पाणी घेतले आणि त्याला रबराचा पोकळ चेंडू जोडला. चेंडू दाबून सोडला की आतली हवा फैलावे, थंड होई आणि चंबूत धुके दाटे. इथवर नवल नाही. परंतु तोच चंबू काही दिवस बंद ठेवला, तर धुके म्हणून येईना! पाणी तेच, वाफ तीच, थंडावाही तोच. मग उणे काय झाले? बाहेरची हवा आत घेतली की धुके हजर. तीच हवा कापसातून गाळून घेतली की पुन्हा गैरहजर. कापसात जे अडकत होते, तेच धुक्याचे बीज. ती होती धूळ!

हा निबंध छापला गेला औषधशास्त्राच्या मासिकात. ढगांचा विचार करणाऱ्यांनी ते मासिक कशाला उघडावे? पाच वर्षांनी, १८८० मध्ये, स्कॉटलंडातील फॉल्कर्कच्या जॉन एटकेनने तोच शोध स्वतंत्रपणे लावला. शिक्षणाने इंजिनिअर, प्रकृतीने नाजूक. नोकरी झेपेना म्हणून घरीच स्वतःच्या हातांनी उपकरणे बनवीत बसणारा हा गृहस्थ. धूळ नसती तर धुके नसते, ढग नसते, पाऊसही नसता. हवेतली वाफ आपल्या कपड्यांवर आणि घरांच्या भिंतींवर येऊन निथळली असती, असे त्याने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. कुलिएचे काम कळल्यावर पहिलेपणाचा मान त्याने मोकळ्या मनाने त्याला दिला. शास्त्रज्ञांची भांडणे वाचून कंटाळलेल्या मला ही गोष्ट शोधाइतकीच मोलाची वाटते.

पुढे एटकेन चक्क धूळ मोजू लागला. प्रत्येक कणावर पाणी साठवायचे, थेंब चौकटी आखलेल्या पट्टीवर पडू द्यायचे आणि भिंगातून मोजायचे. डोंगरावरच्या स्वच्छ हवेत घनसेंटिमीटरला काही शे कण, तर शहरात लाखाच्या घरात! लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला आपल्या गल्लीत आणले असते, तर बिचाऱ्याचे डोळे दुखले असते.

१८९४ च्या सप्टेंबरात बेन नेव्हिस शिखरावरील वेधशाळेत विल्सन नावाचा तरुण काही दिवस राहिला. धुक्यावर पडणाऱ्या सावलीभोवतीची रंगीत वलये त्याने पाहिली आणि केंब्रिजला परतून तो चंबूत ढग करू लागला. हवा बरीच जास्त फैलावली, तर धुळीवाचूनही थेंब धरतात, असे त्याला आढळले. तेथे विद्युत्भारित कण बीजाचे काम करीत. त्यातूनच अणूंच्या तुकड्यांचे मार्ग दाखविणारी त्याची मेघपेटी निघाली आणि १९२७ चे नोबेल पारितोषिक आले. आकाशात मात्र हवा इतकी फैलावण्याची वेळच येत नाही. धूळ आधीच हजर असते. तेवढ्यापुरता एटकेनच खरा.

पण ढग झाला म्हणजे पाऊस झाला, असे नाही. पावसाच्या एका थेंबाला ढगातल्या सुमारे दहा लाख थेंबांचे पाणी लागते. थंड ढगांत हिमकण हे पाणी ओढून घेतात, हे स्वीडनच्या बेर्गेरॉनने दाखविले. आपल्याकडच्या पुष्कळशा पावसाळी ढगांचे माथे मात्र तेवढे उंच जात नाहीत. तेथे मोठे थेंब लहानांना गिळत खाली येतात, आणि मोठ्या थेंबाला बीज लागते ते समुद्राच्या मिठाचे. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात, बारामतीच्या अवर्षणग्रस्त भागावर ११ पावसाळे विमानातून मीठ पेरून पाहिले. पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचे तिने नोंदविले. अर्थात हे मीठ आलेल्या ढगातच पेरायचे. ज्या वर्षी ढगच येत नाहीत, त्या वर्षी विमान असून उपयोग नाही.