चित्रपटांतून खेळाकडे

चित्रपटावरून संगणकाचा खेळ रचणें म्हणजे त्याचें नांव उसनें घेणें नव्हे, हें इतिहासानेंच दाखविलें आहे. स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' १९८२ च्या जूनमध्यें झळकला. नाताळापूर्वीं खेळ बाजारांत यावा म्हणून अटारी कंपनीनें हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांस अवघे ५ आठवडे दिले. चित्रपटांतील परग्रहवासी पाहुण्याची घराची ओढ प्रेक्षकांस रडविते. खेळांत मात्र तो यंत्राचे तुकडे शोधतांना पुनःपुन्हां खड्ड्यांत पडतो, व करुणेऐवजीं वैतागच येतो. न खपलेल्या मालाबरोबर त्याच्या प्रती १९८३ मध्यें न्यू मेक्सिकोंत अलामोगोर्डो येथें पुरण्यांत आल्या. २०१४ सालीं कांहीं उकरून काढल्या.

घाई हें कारण खरें. पण तेवढेंच नव्हे. त्याच अटारीच्या १९८३ च्या 'स्टार वॉर्स' खेळांत चित्रें म्हणजे केवळ रंगीत रेषा. तरी खंदकांतून यान नेण्याचा थरार खेळणाराच्या हातीं आला. २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन'मध्यें तो श्वापदासारखा परग्रहवासी मारतां येत नाहीं, लपावेंच लागतें, १९७९ च्या चित्रपटांतील भय तेथें अंगीं भिनतें.

आमच्या मतें कथेंतील मुख्य भावना खेळणाराची कृति झाली, तरच रूपांतर साधलें.