पक्षाघात, कुत्र्यांतील

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने अडला किंवा तिथली रक्तवाहिनी फुटली, तर कुत्र्याला अचानक येणारे अपंगत्व. बोलीत ‘अंगावरून वारं गेलं’ किंवा ‘लकवा मारला’ म्हणतात. कुत्र्यांना हा विकार होतच नाही, असे पूर्वी समजले जाई. एमआरआय तपासणी प्राण्यांपर्यंत पोचल्यावर तो समज मागे पडला. मूत्रपिंडाचे जुने दुखणे, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कुशिंग रोग ही नेहमीची कारणे. पुष्कळदा मात्र कारण सापडत नाही.

माणसाचे तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो. कुत्र्यात ती खूण शोधत बसू नये. त्याच्या लहान मेंदूला इजा होण्याचे प्रमाण बरेच असल्याने आधी तोल जातो: मान एका बाजूला कलते, जनावर एकाच दिशेने गोल फिरते, कोलमडते, बुबुळे भिरभिरतात, ओकारी येते. मोठ्या मेंदूला इजा झाली, तर आकडी येते, किंवा कुत्रा ताटलीतले एका बाजूचेच अन्न खाऊन उठतो, जणू दुसरी बाजू त्याच्या लेखी नाहीच. लक्षणे क्षणात येतात आणि बहुधा पहिल्या दिवसानंतर वाढत नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्यांत आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा विकार हुबेहूब असाच दिसतो. दोन-तीन दिवसांत त्याला उतार पडू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रा बहुतेक सावरतो. ‘आता हा गेला’ असे पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकणे म्हणूनच चूक आहे.

दापोली तालुक्यातील केळशीसारख्या खाडीकाठच्या, नारळी-पोफळीच्या गावात ‘पक्षाघातच आहे का’ यापेक्षा ‘दुसरे काही नाही ना’ हा प्रश्न अधिक निकडीचा असतो. आगरात मोकळा हिंडणारा कुत्रा सापावर सहज पाय देतो. नाग किंवा मण्यार चावली, तर पापण्या मिटतात, पाय सैल पडतात, श्वास मंदावतो. फुरसे किंवा घोणस चावली, तर सूज आणि रक्तस्राव. इथे प्रतिविष लागते आणि तेही वेळेत. उंदीर मारायचे काही प्रकारचे औषध पोटात गेले, तर रक्त गोठेनासे होते. गोचीडतापात रक्तबिंबिका घटतात. दोन्हींत मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर रेबीजची शंका धरावी. अशा वेळी घशात काही अडकले आहे का, हे पाहायला तोंडात हात घालण्याची चूक अनेक जण करतात. ती जिवावर बेतू शकते.

झटका आल्यावर कुत्र्याला जिन्यापासून, विहिरीपासून दूर, अंधाऱ्या शांत जागी एका कुशीवर ठेवावे आणि डोक्याखाली गोधडीची घडी घालून ते जरा उंच करावे. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी, मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. डॉक्टरांपर्यंत पोचेतो बुबुळांची हालचाल थांबलेली असू शकते. गिळता येत नसताना पाणी किंवा दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाते. माणसांची ॲस्पिरिन, पॅरासिटमॉल, आयबुप्रोफेन यांतले काहीही देऊ नये: अडथळा आहे की रक्तस्राव, हे नुसते पाहून कळत नाही आणि रक्तस्रावात ॲस्पिरिनने इजा वाढते. आकडी पाच मिनिटांवर चालली किंवा लागोपाठ आली, तर उशीर न करता डॉक्टर गाठावा. नेताना फळीवर किंवा घट्ट धरलेल्या चादरीवर न्यावे. वाटेत घाटवळणे असल्याने एकाने मागे बसून डोके धरावे. पुढच्या तपासण्यांसाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) किंवा शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते.

गुठळी विरघळवणारे जे औषध माणसांना देतात, ते कुत्र्यांत सहसा वापरले जात नाही. मूळ आजारावर उपचार आणि शुश्रूषा हाच आधार. कुत्रा उठत नसेल, तर दर दोन ते चार तासांनी कूस बदलावी, लघवी होते की नाही याकडे लक्ष ठेवावे, अंथरूण कोरडे ठेवावे. सारवलेल्या जमिनीवर पाय रोवले जातात, गुळगुळीत लाद्यांवर घसरतात. घरात लाद्या असतील, तर कुत्रा उभा राहू लागेल त्या दिवसापासून पडवीपर्यंत गोणपाट अंथरावे.