नवे यंत्र आणि जुनी अक्षरे

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ नावाचे एक प्राचीन गाव आहे. आज ते शहरात विरून गेले आहे. तलाव, विमानतळाकडे जाणारा हमरस्ता आणि त्यावरील उड्डाणपूल एवढ्याच खुणांनी प्रवासी त्याला ओळखतो. या हेब्बाळात २०१८ साली खोदकाम चालू असता एक शिळा हाती लागली. इसवी सन ७५० च्या सुमाराची, म्हणजे गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील ती शिळा. लढाईत पडलेल्या कित्तय्य नावाच्या वीराचा तो वीरगळ असून त्यावरील लेख जुन्या कन्नडात आहे. बंगळूर परिसरातील सर्वांत जुना कन्नड लेख म्हणून आता तो मानला जातो. जाणकारांनी तो वाचला, आणि पुढे मिथिक सोसायटीने शहरातील जुने लेख संगणकावर त्रिमितीय रूपात उतरवून घेण्याचे जे कार्य हाती घेतले, त्यामुळे असे लेख आता घरबसल्याही पाहता येतात.

नोकरीच्या निमित्ताने मी या भागात राहतो, आणि त्या शिळेची आठवण मला एका लाजिरवाण्या प्रसंगी झाली. विंडोज १० या संचालन-प्रणालीचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझा घरचा संगणक जुना, नव्या प्रणालीचा भार तो पेलणार नव्हता. तेव्हा नवा संगणक घेतला आणि जुन्यातील कागदपत्रे त्यावर उतरवली. त्यांत वडिलांनी लिहिलेला आमच्या गावाचा इतिहास होता. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत त्यांनी जन्म घालवला; निवृत्तीनंतर, १९९९ साली, तालुक्याच्या गावी एका टंकलेखनाच्या दुकानात बसून त्यांनी तो छापून घेतला होता. छापील प्रत घराच्या डागडुजीत कोठे गेली ते कळले नाही. उरली होती ती संगणकातील फाइल. नव्या यंत्रावर ती उघडली, तो मराठीचे एक अक्षर दिसेना! पानामागून पान रोमन अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे आणि टिंबे यांचा नुसता कचरा. साडेबाराशे वर्षांपूर्वीचा दगड वाचता येतो आणि सव्वीस वर्षांपूर्वीचे वडिलांचे लिखाण वाचता येत नाही, हा काय प्रकार आहे, याचा शोध घेणे मला भाग पडले.

त्याचे कारण इतिहासातच आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या पहिल्या तक्त्यात एकंदर १२८ जागा होत्या, आणि त्या इंग्रजीची अक्षरे, अंक व चिन्हे यांनी भरून गेल्या. पुढे जागा दुप्पट झाल्या, तरी आपल्या लिपीची जोडाक्षरे त्यांत मावणार कशी? निर्णयसागरच्या जावजी दादाजींपासून आपल्या मुद्रकांनी शेकडो खिळ्यांचे खण सांभाळले. लोकमान्य टिळकांनी ते खण कमी करण्यासाठी केलेली खटपटही आपल्याला ठाऊक आहे. तोच प्रश्न आता विजेच्या यंत्रापुढे उभा राहिला.

या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वेळी पुढे आली, आणि आपले सारे भोग या द्वैतातून उद्भवले. पहिले उत्तर शास्त्रीय होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम १९८८ नंतर पुण्याच्या सीडॅक संस्थेत वाढले. त्यामागील विचार असा की, यंत्राच्या स्मृतीत अक्षराचा आकार ठेवू नये, ध्वनी ठेवावा. क, हलन्ताचे चिन्ह आणि ष एवढे तीन आकडे लागोपाठ ठेवले, की त्यांचा क्ष रेखाटणे हे यंत्राचे काम. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्यामुळे सर्वांना एक तक्ता पुरतो. हा तक्ता, इस्की या नावाने, १९९१ साली भारतीय मानक ठरला. इन्स्क्रिप्ट हा कळफलकही याच विचाराचा: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि महाप्राणासाठी तीच कळ शिफ्टसह. माझे शेजारी कन्नडभाषक आहेत. ते ज्या कळेवर कन्नड क उमटवतात त्याच कळेवर मी देवनागरी क उमटवतो. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड जेमतेम येते. परंतु एकमेकांच्या कळफलकावर आमची बोटे बिनचूक पडतात. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि मराठी लेख शेजारी कोरलेले आहेत, त्याची या वेळी आठवण होते.

दुसरे उत्तर बाजाराचे होते. इंग्रजीच्या जागांवरच देवनागरीचे तुकडे बसवावयाचे. यंत्राच्या लेखी ते रोमन अक्षर, परंतु विशिष्ट फॉन्ट बसवला की डोळ्यांना तेथे अर्धा त, वेलांटी किंवा काना दिसावा. स्वस्त आणि तत्काळ सोय! छापखाने, वृत्तपत्रे, कचेऱ्या, सर्वांनी ती उचलली. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण उद्याचा अंक उद्या निघावयास हवा होता. पण प्रत्येक फॉन्टकर्त्याने तुकडे आपापल्या मर्जीने मांडले. त्यामुळे एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक ठरू लागला, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तर केवळ रोमन कचरा उरला. वडिलांच्या फाइलीचे नेमके हेच झाले होते.

इकडे ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक तक्त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेला होता, म्हणजे आपल्याच घरचे धन तेथे गेले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये देवनागरीला प्रथम खरा आधार मिळाला. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट पवईच्या आयआयटीत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. जोशी २००८ साली वारले. ज्यांनी आयुष्यात कधी बोरू हाती धरला नाही अशा लक्षावधी लोकांनी त्यांचे अक्षर वाचले आहे.

त्यानंतरही विंडोज एक्सपीमध्ये ही सोय आपोआप चालू नसे. ‘जटिल लिप्यां’साठीची फाइल मूळ तबकडीवरून घालावी लागे, आणि कचेरीत ती तबकडी नेमकी कोणाच्या तरी कुलुपात असे. वेलांटी अक्षराच्या पुढे पडलेली आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी झालेली पत्रे मी पाहिली आहेत. कित्येकांनी त्यावरून ‘मराठी संगणकावर चालत नाही’ असा निकालही देऊन टाकला. विंडोज व्हिस्टापासून ही अडचण मिटली.

नव्या यंत्रावर मी काय केले तेही सांगतो, कारण ही माहिती अनेकांच्या उपयोगी पडेल. जुनी फाइल उघडल्यावर ती पुन्हा साठवावयाची नाही, हे पहिले पथ्य. प्रथम तिची नक्कल करावी. लेखनाच्या आज्ञावलीत फॉन्टाच्या चौकटीत पाहावे. फॉन्ट यंत्रात नसला तरी त्याचे नाव बहुधा तेथे टिकून असते. ते नाव म्हणजेच कुलपाची किल्ली. तो फॉन्ट मिळवून बसवला की पाने पुन्हा मराठीत दिसू लागतात. माझ्या बाबतीत तो दोन दिवसांच्या शोधानंतर एका स्नेह्याच्या जुन्या संगणकात सापडला.

नवी प्रणाली आपलीशी करण्यासाठी भाषांच्या यादीतून ‘मराठी (भारत)’ निवडावी. लिपी एकच म्हणून हिंदीवर समाधान मानू नये. हा भाषाभिमानाचा मुद्दा नसून सोयीचा आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानले. ज्या फॉन्टांत ही सोय आहे ते मजकुराची भाषा पाहूनच हे आकार दाखवतात. शुद्धलेखन-तपासणीही भाषेवरच अवलंबून असते. कळफलक ज्याने त्याने आपल्या सवयीचा घ्यावा. रोमन उच्चारांवरून लिहिणाऱ्यांसाठी २०१९ पासून विंडोजमध्येच मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक आहे. माझा कल इन्स्क्रिप्टकडे. आठवडाभर बोटे अडखळतात, मग अडखळत नाहीत. जुने लेख मंगलमध्ये असूनही वेगळे दिसू लागले तर घाबरू नये. विंडोज १० पासून मंगल हा ऐच्छिक देवनागरी पूरक फॉन्टांत गेला आहे, आणि त्याच्या जागी निर्मला हा फॉन्ट येतो. ऐच्छिक सुविधांत जाऊन मंगल परत आणता येतो. शेजाऱ्यांचा तुंगा हा कन्नड फॉन्टही असाच बाजूला गेला होता. दोघांनी एकाच संध्याकाळी आपापले फॉन्ट परत आणले.

एक खोड मात्र अशी की ती डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲप’ या शब्दातील ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी लोक अ काढून त्यावर अर्धचंद्र देत. दिसावयास दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द. शोधाच्या चौकटीत एक घातला तर दुसरा हाती लागत नाही. कचेरीतील एखादे नाव यादीत ‘नाही’ असे उत्तर आले तर माणसावर अविश्वास दाखवण्यापूर्वी हे तपासावे.

वडिलांची फाइल फॉन्ट मिळाल्यामुळे दिसू लागली, तरी काम संपले नव्हते. फॉन्ट पुन्हा हरवला तर पुन्हा तोच प्रसंग. म्हणून ती युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आवश्यक होते. त्यासाठीची साधने आता फुकट मिळतात, परंतु त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर. रफाराचे याच्या उलट. त्यामुळे ओळीओळीला अक्षरे इकडची तिकडे होतात, आणि मूळ समोर ठेवून माणसालाच ती तपासावी लागतात. मी रोज रात्री चार पाने याप्रमाणे तपासत गेलो. इतके सावकाश मी त्यांचे लिखाण ते हयात असताना कधी वाचले नव्हते.

सर्वांत अधिक छळले ते खास मराठीच्या त्या आडव्या रफाराने, जो ‘ऱ्य’मध्ये येतो. हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेला ऱ योजतात. माझ्या साधनाने तो सर्वत्र साध्या रफारात बदलला, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचे दर्या झाले! हे संदर्भाने दुरुस्त करता येते. पण १९५८ सालच्या शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभाचे वर्णन आले तेथे मी थांबलो. ‘आचार्यांना अकरा रुपये व धोतरजोडी दिली.’ मूळ फाइलीकडे वळलो, तर तेथे टंकलेखकानेच घोटाळा केलेला, रफार धड उभा नाही की आडवा. हे आचार्य, की आचारी? दोघांनाही धोतरजोडी देण्याची रीत होती. विचारावयास वडील नाहीत.

शेवटी गावी आत्याला फोन केला. त्या वेळी ती नऊ-दहा वर्षांची असेल. ती म्हणाली, “अरे, आपल्या गावात आचार्य कुठले आलेत? लाडू करायला साताऱ्याहून आचारी आणला होता. दोन दिवस आपल्याच ओसरीवर निजला होता तो.” मी साधा र पुसला आणि तेथे ऱ घातला.