नाका-निरीक्षण (पॅलेस्टाईन)

वेस्ट बँकमधील इस्रायली लष्करी नाक्यांवर उभे राहून, तिथून ये-जा करणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांच्या वाट्याला रोज काय येते ते पाहण्याचे आणि लिहून ठेवण्याचे स्वयंसेवी काम. 2001 पासून ते संघटितपणे चालत आले आहे. ‘मखसोम वॉच’ ही इस्रायली स्त्रियांची संघटना आणि जागतिक चर्च परिषदेचा सोबत-कार्यक्रम ही त्याची दोन ठळक रूपे.

वेस्ट बँक 1967 च्या युद्धात इस्रायलच्या ताब्यात गेली. तिथल्या माणसाला इस्रायलमध्ये शिरायला वैयक्तिक परवाना लागू लागला तो 1991 पासून. सप्टेंबर 2000 मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, भडकला, बसगाड्यांत आणि उपाहारगृहांत आत्मघाती स्फोट झाले, आणि नाक्यांचे जाळे दाट होत गेले. 2002 मध्ये विभाजक भिंतीचे काम सुरू झाले. हल्ले थोपवण्यासाठी नाके आणि भिंत लागतातच, ही इस्रायलची भूमिका. भिंतीचा बराच भाग ताब्यातील प्रदेशाच्या आतून जातो. तो आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचे मत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 9 जुलै 2004 रोजी दिले. नाके केवळ सीमेवर आहेत असेही नाही. दोन पॅलेस्टिनी गावांच्या मधोमध, शेत आणि घर यांच्या मध्येही ते आहेत. 2023 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत वेस्ट बँकमध्ये लहानमोठे 645 अडथळे भरले. 2025 च्या सुरुवातीच्या मोजणीत 849.

बेथलेहेमहून जेरुसलेमकडे जाताना लागणारा ‘300 क्रमांकाचा’ नाका निरीक्षकांच्या नोंदींत वारंवार येतो. हेब्रॉनकडचा गवंडी रात्री दोन-तीनलाच घर सोडत असे, कारण कामावर पोचायला किती वेळ लागेल हे अंतरावर नव्हे, तर रांगेवर ठरायचे. लोखंडी गजांच्या अरुंद बोळात शेकडो पुरुष दाटीवाटीने उभे. पुढे घुसण्यासाठी काहीजण गजांवरून चढून वरूनच सरकत. बाहेर कॉफी आणि पाव विकणारे. मग फिरते लोखंडी फाटक, धातुशोधक, ओळखपत्र, परवाना, बोटांचे किंवा पंजाचे ठसे. स्त्रिया, म्हातारेकोतारे आणि आजारी यांच्यासाठी वेगळे फाटक असे. पण ते वेळेवर उघडणे पहाऱ्यावरच्या माणसाच्या मर्जीवर.

या फाटकांबद्दलचा एक तपशील मुद्दाम सांगण्यासारखा आहे. इस्रायलमध्ये अशा फिरत्या फाटकांचे दांडे साधारण 75 ते 90 सेंटिमीटरचे असतात. नाक्यांवर ते 55 सेंटिमीटरचे बसवले गेले, असे वास्तुविशारद एयाल वाइझमन यांनी ‘हॉलो लँड’ (2007) या पुस्तकात नोंदवले आहे. वीस-पस्तीस सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पोटुशी बाई किंवा हातात बोचके घेतलेला माणूस त्यातून जाताना काय होते, ते तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

मखसोम वॉच 2001 च्या आरंभी जेरुसलेममधल्या मोजक्या स्त्रियांनी सुरू केली. मखसोम म्हणजे हिब्रूत नाका. सदस्यत्व फक्त स्त्रियांना. त्यातल्या बऱ्याच जणी निवृत्त, नातवंडे असलेल्या. हे वय आणि ही भाषा त्यांच्या फार उपयोगी पडली. नातवाच्या वयाच्या शिपायाला आजी हिब्रूत प्रश्न विचारते, तेव्हा तिला हाकलून देणे त्याला तितके सोपे जात नाही. सकाळ-दुपारच्या पाळ्यांत दोघी-चौघी मिळून जातात: किती माणसे थांबली, किती फाटके चालू होती, कोणाला का परत पाठवले, रुग्णवाहिका किती वेळ अडली. फाटक बंद दिसले की लष्कराच्या मदत-क्रमांकावर फोन लावतात. अहवाल हिब्रूत आणि इंग्रजीत प्रसिद्ध होतो. पुढे याच कामातून दुसरे काम फुटले. सुरक्षा खात्याच्या काळ्या यादीत नाव गेल्यामुळे ज्यांचा परवाना बंद झाला, त्यांचे अर्ज-अपील लिहून देणे आणि लष्करी न्यायालयांत जाऊन बसणे. आपले नाव यादीत का आहे हे त्या मजुराला बहुधा कोणी सांगत नसे.

नोव्हेंबर 2004 मध्ये नाब्लुसजवळच्या बैत इबा नाक्यावर विसाम तायम या व्हायोलिनवादकाने शिपायांसमोर वाद्य वाजवले आणि संघटनेच्या एका स्वयंसेविकेने ते चित्रित केले. चित्रफीत देशभर गेली. नाझी छळछावण्यांत यहुदी वादकांना वाजवायला लावत, त्याची आठवण अनेक इस्रायलींना झाली आणि मोठा वाद पेटला. संस्थापकांपैकी यहुदित केशेत यांचे ‘चेकपॉइंट वॉच’ हे पुस्तक 2006 मध्ये आले.

जागतिक चर्च परिषदेचा कार्यक्रम 2002 चा. जेरुसलेममधल्या चर्चप्रमुखांनी हाक दिली आणि परिषदेने ती उचलली. वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक साधारण तीन महिने राहतात. अंगात खाकीसर जाकीट, त्यावर कबुतराचे चिन्ह. नाक्यावर दर अर्ध्या तासाला किती माणसे सुटली ते मोजणे, शाळकरी मुलांसोबत चालणे, भिंतीपलीकडच्या शेतांसाठीची फाटके वेळेवर उघडतात का ते पाहणे, ही त्यांची कामे. ऑलिव्हच्या हंगामात हे शेवटचे काम फार मोलाचे. पीक काढणीचे दिवस मोजकेच असतात.

आक्षेप बाहेरून आले तसे आतूनही. जुलै 2012 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने कार्यक्रमाला पाठिंबा दिला, तेव्हा ब्रिटनमधल्या यहुदी प्रतिनिधी मंडळाने तो एकांगी ठरवला. स्फोटांत आप्त गमावलेल्यांचे दुःख निरीक्षकांच्या वहीत येत नाही, असे टीकाकार म्हणतात आणि ते अगदीच खोटे नाही. मखसोम वॉचमधला घरचा वाद त्याहून बोचरा होता. आपण मध्यस्थी करून रांग थोडी सुरळीत केली, तर नाकाच अधिक सुसह्य आणि म्हणून अधिक पक्का होत नाही ना? या प्रश्नाचा निकाल त्यांनी लावला नाही. पाळ्या मात्र चालू ठेवल्या. 2019 च्या जानेवारीत पंतप्रधान नेतान्याहू यांनी हेब्रॉनमधल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथकाची मुदत वाढवायला नकार दिला, आणि त्याच महिन्यात त्रास असह्य झाल्यामुळे चर्च परिषदेनेही हेब्रॉनमधली आपली माणसे काढून घेतली.

मराठी वाचकाला नाका नवा नाही. मराठवाड्यात पैठणकडे जाणारा रस्ता पुढे गोदावरीवर येतो. पलीकडे शेवगाव तालुका. 1948 पर्यंत अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे मुंबई प्रांत. राज्याच्या सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके असत. 1947-48 च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात हेच नाके सत्याग्रहींचे आणि सशस्त्र तुकड्यांचे लक्ष्य झाले. त्या काळाचे चित्र अनंत भालेरावांसारख्या चळवळीत उतरलेल्यांच्या लेखनातून भेटते. त्यात स्वाभाविकच लढ्याच्या घटना येतात, बाजारहाटाला जाणाऱ्याची रोजची खोळंबलेली सकाळ क्वचितच. आपल्याकडची सत्यशोधन पथकेही बहुधा घटना घडून गेल्यावर पोचतात. नाका-निरीक्षणाचे वेगळेपण इथे आहे. बातमी होण्याइतके काही घडत नाही त्या दिवसाचीही नोंद ठेवायची. अशा हजारो कंटाळवाण्या पानांमुळेच उशीर हा अपघात नसून व्यवस्था आहे, हे दाखवता येते.

कोकणातून गेलेले मराठी बोलणारे बेने इस्रायल या संघर्षाच्या इस्रायली बाजूला आहेत. तिथे त्यांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. त्यांनाही कागदांचा जाच चुकला नव्हता. 1960 च्या दशकारंभी धर्मपीठाने लग्नासाठी त्यांच्या वंशाची चौकशी लावली, आणि 1964 च्या आंदोलनानंतर ती जाचक सूचना मागे घ्यावी लागली.

7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर वेस्ट बँकच्या मजुरांचे बहुतेक परवाने स्थगित झाले. त्याआधी सुमारे दीड लाख माणसे इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला जात होती. मे 2023 च्या करारानुसार 42,000 भारतीय कामगारांना इस्रायलची वाट आधीच मोकळी झाली होती. त्यातले 34,000 बांधकामासाठी. 2024 मध्ये त्या रिकाम्या जागांसाठी हरियाणा आणि उत्तर प्रदेशात कौशल्य-चाचण्या झाल्या, आणि भरतीची पुढची एक फेरी महाराष्ट्रात झाली.